गीत कोणाचें? : ‘सेंट लुइस ब्लूज’चा इतिहास

१

सर वॉल्टर स्कॉट हा स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील जुनीं कथागीतें गोळा करीत हिंडत होता, त्या वेळीं तो जेम्स हॉग या मेंढपाळ कवीच्या आईकडे गेला. तिनें त्याला आपल्याला पाठ असलेलीं गीतें म्हणून दाखविलीं. पुढें तीं ग्रंथांत छापून आलीं तेव्हां मात्र म्हातारी रुष्ट झाली. हीं गीतें गाण्यासाठीं केलेलीं होतीं, वाचण्यासाठीं नव्हे. तुम्हीं तीं छापलींत आणि त्यांची मोहिनी घालविलीत, अशा अर्थाचें तिनें स्कॉटला ऐकविलें. ही हकीकत हॉगनेंच लिहून ठेविली आहे. इंग्रजी वाङ्मय शिकवीत असतां ती मी दरवर्षीं वर्गांत सांगतों, आणि दरवर्षीं एखादा तरी विद्यार्थी विचारतो, “मग तीं गीतें कोणाचीं? म्हातारीचीं, स्कॉटचीं, कीं ज्यानें तीं पहिल्यानें रचलीं त्याचीं?”

या प्रश्नाचें उत्तर पंडितांनीं दोन प्रकारें दिलें आहे. ग्रिम बंधूंच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, लोकगीत लोकच रचतात. त्याला एक असा कर्ता नसतोच. प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, समुदाय कधीं काव्य करीत नसतो. कोणीतरी एक कवि तें करतो आणि समुदाय फार तर त्याचें नांव विसरतो. वाद पुष्कळ झाला, पण निकाल लागला नाहीं. कारण साक्षीदार उरलेला नाहीं. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन विद्वानानें १८८२ ते १८९८ या काळांत ३०५ कथागीतें पाठभेदांसह प्रसिद्ध केलीं. पण त्यांतील एकाचाहि जन्म त्याला डोळ्यांनीं पाहतां आला नाहीं.

म्हणून ज्या गीताचा जन्म, ज्याचें मूळ आणि ज्याचीं पुढील रूपांतरें कागदोपत्रीं व तबकड्यांवर सांपडतात, असें एखादें गीत घेऊन हा प्रश्न पुन्हा विचारावा असें मला बरेच दिवस वाटत होतें. तसें गीत मला अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतांत सांपडलें. ‘सेंट लुइस ब्लूज’ हें त्याचें नांव. तें सप्टेंबर १९१४ मध्यें मेम्फिस शहरीं छापून निघालें, आणि तेव्हांपासून तें किती जणांनीं गाइलें, वाजविलें व मुद्रित केलें याची मोजदाद करणें कठीण आहे. त्याची कथा मनोरंजक आहेच. पण ती केवळ मनोरंजक नाहीं. तिच्यांत देणें कोणाचें व घेतलें कोणीं, हा हिशेब गुंतलेला आहे.

२

ब्लूज म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं संपली. तरी तिच्या जागीं कर्जबाजारी कुळांची शेती, कैद्यांकडून करवून घेतलेली वेठ आणि जमावाची दहशत यांचें राज्य सुरू झालें. या जीवनांत, एकोणिसावें शतक संपत असतां, एकट्या माणसानें आपलें दुःख गाण्याची एक रीति तयार झाली. गुलामगिरींतील भजनें समुदायाचीं होतीं आणि तीं देवाला उद्देशून असत; ब्लूज हें एकट्याचें गाणें, आणि तें बहुधा सोडून गेलेल्या माणसाविषयीं, नदीविषयीं, आगगाडीविषयीं असे.

त्याचा घाट अगदीं साधा आहे. चार मात्रांचा एक, अशा बारा खंडांत एक कडवें पुरें होतें. कडव्यांत ओळी तीन. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर द्यावयाचें. प्रत्येक ओळ चार खंडांची जागा व्यापते, पण शब्द त्यांतील अर्ध्या जागेंतच संपतात. उरलेल्या जागेंत वाद्य बोलतें. गाणारा एक वाक्य म्हणतो व गिटार त्याला होकार देते, असा हा संवाद आहे. स्वरांच्या बाबतींत तर आमच्या वाचकांना लांब जाण्याचें कारण नाहीं. ब्लूज गाणाऱ्याचा गांधार व निषाद हे शुद्धहि नसतात व कोमलहि नसतात. ते त्या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी डोलत असतात. श्रुतींची कल्पना असणाऱ्याला हें तात्काळ समजेल. पियानोच्या पट्ट्यांवर मात्र त्या मधल्या स्वराला जागा नाहीं, आणि पाश्चात्य स्वरलेखनांत त्याला चिन्ह नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

३

‘सेंट लुइस ब्लूज’चा कर्ता विल्यम ख्रिस्तोफर हँडी हा १८७३ सालीं अलाबामा संस्थानांतील फ्लॉरेन्स या गांवीं जन्मला. त्याचा बाप व आजा दोघेहि धर्मोपदेशक. लहानपणीं हँडीनें पैपैसा सांठवून एक गिटार विकत आणली. बापाच्या दृष्टीनें तें सैतानाचें वाद्य! त्यानें मुलाला तें दुकानांत परत करावयास लावलें आणि त्याच्या बदलीं इंग्रजी शब्दकोश आणविला. हँडीनें आपल्या आत्मचरित्रांत ही गोष्ट विनोदानें सांगितली आहे. मुलगा पुढें चोरून कॉर्नेट शिकला व वादक झालाच. पण कोशाचा संस्कारहि वायां गेला नाहीं. जें इतर लोक नुसतें गात होते तें लिहून काढणें, हेंच त्याच्या आयुष्याचें मुख्य कार्य ठरलें.

१८९२-९३ च्या सुमारास तो चार गायकांच्या एका मेळ्याबरोबर शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघाला. प्रदर्शन एक वर्ष लांबणीवर पडलेलें. मेळा फुटला, आणि हँडी भटकत सेंट लुइस शहरीं आला. काम नव्हतें, पैसा नव्हता. मिसिसिपी नदीच्या फरसबंदी धक्क्यावर दगडांवर त्यानें कित्येक रात्री काढल्या. तेथेंच एका रात्रीं अंधाऱ्या रस्त्यानें झोकांड्या खात जाणारी एक स्त्री त्याला दिसली. नवऱ्याच्या निष्ठुरपणाविषयीं ती स्वतःशींच पुटपुटत होती. तिचे ते शब्द त्याच्या मनांत सुमारें वीस वर्षें राहिले.

नंतर तो मिन्स्ट्रेल मेळ्यांबरोबर गांवोगांव हिंडला, क्यूबापर्यंत जाऊन आला, आणि १९०० पासून दोन वर्षें अलाबामांतील एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत संगीताचा शिक्षक होता. कॉलेजचे चालक अभिजात युरोपीय संगीताचे भक्त. देशी चालींचा त्यांना तिटकारा. हँडीनें एकदां रॅगटाइम पद्धतीची एक उडती चाल भारदस्त नांव देऊन समारंभांत वाजविली, आणि ती सर्वांना पसंत पडली! आमच्या व्यवसायांतील मंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९०३ सालीं तो मिसिसिपीतील क्लार्क्सडेल गांवीं एका बँडचा नायक म्हणून आला. त्याच सुमारास टटवायलर या लहान स्टेशनावर नऊ तास उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत असतां त्याला झोंप लागली. जाग आली ती एका विलक्षण आवाजानें. शेजारीं एक किडकिडीत, फाटक्या कपड्यांचा कृष्णवर्णीय मनुष्य गिटार वाजवीत बसला होता. तारांवर बोटांऐवजीं सुरी दाबून तो स्वर ओढीत होता. एकच ओळ तो तीनदां म्हणे आणि गिटार तिला उत्तर देई. दोन रेल्वे-मार्ग जेथें एकमेकांस छेदतात त्या ठिकाणीं आपण चाललों आहों, एवढाच त्या ओळीचा अर्थ. हँडीनें तिचा उपयोग पुढें दुसऱ्या एका गीतांत केला. परंतु तो आवाज त्यानें कधीं विसरला नाहीं. त्या मनुष्याचें नांव मात्र त्यानें विचारलेलें दिसत नाहीं.

तरी एवढ्यानें हँडीचें मतपरिवर्तन झालें असें नाहीं. तो स्वरलिपि वाचणारा, शिकलेला वादक. असलें संगीत त्याला कंटाळवाणें वाटे. मिसिसिपीतीलच क्लीव्हलंड गांवीं एका नाचाच्या प्रसंगीं, तुमच्याऐवजीं आमच्या गांवच्या मंडळींना थोडा वेळ वाजवूं द्याल का, असें त्याला विचारण्यांत आलें. मोडकी गिटार, एक मँडोलिन आणि जुनाट बास घेऊन तिघेजण पुढें आले व एकच चाल न संपणाऱ्या चऱ्हाटासारखी वाजवूं लागले. पाहतां पाहतां त्यांच्या पायांशीं रुपेरी डॉलरांचा पाऊस पडला. हँडीच्या नऊ वादकांना त्या रात्रीचें जें वेतन मिळणार होतें त्याहून अधिक रक्कम त्या तिघांच्या पायांशीं जमली. या संगीताचें सौंदर्य आपणांस तेव्हां दिसलें, असें हँडी लिहितो. सौंदर्य पैशाच्या उजेडांत दिसलें असें म्हणून त्याला हंसणें सोपें आहे. पण त्यानें ती गोष्ट लपविली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

४

१९०९ सालीं मेम्फिसमधील निवडणुकीच्या धामधुमींत हँडीनें एक चाल बांधली. तीच पुढें ‘मेम्फिस ब्लूज’ या नांवानें १९१२ सालीं निघाली. ब्लूज हें नांव धारण करून छापलेलें हें पहिलें गीत नव्हे. हार्ट वाँड याचें ‘डॅलस ब्लूज’ त्याच वर्षीं कांहीं महिने आधीं निघालें होतें. ‘मेम्फिस ब्लूज’ फार गाजलें. परंतु त्याचा पैसा हँडीच्या हातीं आला नाहीं. त्यानें त्याचे सर्व हक्क ५० डॉलरांस विकून टाकले होते! त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें २८ वर्षांची पहिली मुदत संपल्यावर, म्हणजे १९४० सालीं, तें गीत पुन्हा त्याच्या मालकीचें झालें. एवढ्या काळांत इतरांनीं त्याच्यावर भरपूर कमाई केली.

हा धडा त्यानें जन्मभर लक्षांत ठेविला. हॅरी पेस या मित्राच्या भागीदारींत त्यानें स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि नवें गीत लिहावयास घेतलें. घरांत मुलांचा गलबला. म्हणून त्यानें बील स्ट्रीटवर एक खोली भाड्यानें घेतली. तेथें त्याला सेंट लुइसच्या धक्क्यावरील रात्री आठवल्या आणि ती अडखळत जाणारी स्त्री आठवली. गीतांतील नायिका तिच्यावरूनच उभी राहिली. सूर्यास्ताची वेळ तिला असह्य होते, कारण तिच्या माणसाला दुसऱ्या शहरांतील एका दागिन्यांनीं मढलेल्या, नटव्या स्त्रीनें ओढून नेलें आहे. विषय एवढाच.

पण रचना मात्र साधी नाहीं. गीताचा पहिला व शेवटचा भाग बारा खंडांचा, शुद्ध ब्लूजच्या घाटाचा आहे. मधला भाग सोळा खंडांचा, उदास मायनर स्वरावलींतला, आणि त्याला क्यूबाकडील हाबानेरा अथवा टँगो नाचाची लय दिली आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत टँगोचें वेड होतें. आपण टँगोच्या सुरवातीनें नाचणाऱ्यांना फसविलें आणि मग एकदम खालच्या वस्तीच्या ब्लूजमध्यें उडी घेतली, असें हँडी सांगतो. शेवटच्या भागाची चाल त्यानें आपल्याच एका आधींच्या रचनेवरून, ‘जोगो ब्लूज’वरून, घेतली, आणि तिचें मूळ फ्लॉरेन्सच्या चर्चमध्यें दान मागतांना एक धर्मोपदेशक जी आळवणी करीत असे तिच्यांत होतें, असेंहि त्यानें कबूल केलें आहे. म्हणजे रस्त्यावरच्या दारुड्या स्त्रीचे शब्द, चर्चची आळवणी, क्यूबाची लय आणि दक्षिणेंतील अनाम गवयांचा घाट, इतक्या ओहोळांचें पाणी या एका गीतांत आलें आहे. गांधार व निषाद यांची डोलणारी जागा दाखविण्यासाठीं त्यानें शुद्ध स्वरावलींत कोमल स्वरांच्या खुणा घातल्या. ती एक तडजोड होती. पण त्यामुळें न लिहितां येणारी गोष्ट निदान कागदावर सुचवितां तरी आली.

मेम्फिस हें शहर मात्र त्याला फार काळ मानवलें नाहीं. १९१७ सालीं त्या शहराजवळ जमावानें एका कृष्णवर्णीय माणसाला जिवंत जाळलें, आणि त्याचें शीर बील स्ट्रीटवर आणून टाकलें. त्याच रस्त्यावर हँडीनें आपलें गीत लिहिलें होतें. पुढल्या वर्षीं त्यानें आपली कचेरी न्यूयॉर्कला हलविली.

५

गीत छापतांच गाजलें असें नाहीं. पहिली तबकडी कोलंबिया कंपनीनें डिसेंबर १९१५ मध्यें ‘प्रिन्सेस बँड’कडून मुद्रित करविली, ती केवळ वाद्यांची होती. पहिल्या महायुद्धांत जेम्स रीस युरोप या बँडमास्तराच्या हाताखालीं ३६९ व्या कृष्णवर्णीय पलटणीचा बँड फ्रान्समध्यें गेला आणि तेथील लोकांना त्यानें वेड लावलें. या पलटणीला अमेरिकन सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढूं देण्यांत आलें नव्हतें. ती फ्रेंच सेनापतींच्या हुकमतीखालीं लढली. परत आल्यावर १९१९ च्या मार्च महिन्यांत या बँडनें ‘सेंट लुइस ब्लूज’ पाथे कंपनीसाठीं मुद्रित केलें. मे महिन्यांत बँडमधीलच एका वादकानें युरोपचा खून केला.

गाइलेल्या तबकड्यांची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. अल बर्नार्ड, मॅरियन हॅरिस अशा गौरवर्णीय गायकांनीं तें गीत त्या काळीं लोकप्रिय केलें. मॅरियन हॅरिसनें तें १९२० सालीं कोलंबियासाठीं गाइलें. तिची पूर्वीची कंपनी तें गाऊं देईना म्हणून तिनें कंपनीच बदलली, असें हँडीनें कौतुकानें नमूद केलें आहे. तिच्याविषयीं त्याच्या मनांत कृतज्ञताच होती. परंतु परिस्थिति पाहा : कृष्णवर्णीय माणसानें कृष्णवर्णीय स्त्रीच्या तोंडीं घातलेलें गाणें, आणि कृष्णवर्णीय गायिकांना तबकडी-कंपन्यांचीं दारें जवळजवळ बंद! मॅमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी १९२० च्या ऑगस्टमध्यें मुद्रित झाली व तडाख्यानें खपली, तेव्हां कंपन्यांना कळून आलें कीं, काळे लोकहि तबकड्या विकत घेतात. मग त्यांच्यासाठीं वेगळ्या याद्या निघाल्या. एकाच दुकानांत गोऱ्यांचें संगीत निराळें व काळ्यांचें निराळें, अशी पंगत मांडली गेली.

६

या पार्श्वभूमीवर १४ जानेवारी १९२५ ही तारीख येते. त्या दिवशीं न्यूयॉर्क येथें बेसी स्मिथनें ‘सेंट लुइस ब्लूज’ गाइलें. बेसी ही टेनेसींतील चॅटानूगा गांवची. लहानपणीं पोरकी झालेली, रस्त्यावर गाऊन वाढलेली. साथीला दोघेच : कॉर्नेटवर तेविशींतला लुई आर्मस्ट्राँग, आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. हार्मोनियम म्हणजे पायानें भाता हलवून वाजविण्याचा ऑर्गन; आमच्या संगीत नाटकांत ज्याची साथ होत असे त्याच जातीचें वाद्य.

मीं या गीताच्या वीसेक तबकड्या एकामागून एक लक्षपूर्वक ऐकल्या आहेत. त्यांत हिच्याइतकी संथ एकहि नाहीं. आरंभाला सुरावट अशी नाहींच. एक स्वरसमूह लांबविला जातो आणि बेसी गाऊं लागते. नाचणाऱ्यांना फसविण्यासाठीं घातलेली ती टँगोची लय येथें जवळजवळ लोपली आहे. कारण येथें कोणी नाचणारच नाहीं. ऑर्गनमुळें खोलींत चर्चची छाया पडल्यासारखी वाटते, आणि हँडीनें चर्चमधून जें आणलें तें जणूं स्वगृहीं परत जातें. प्रत्येक ओळीनंतर जी जागा उरते तिच्यांत आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट बोलतो. कधीं तो तिचें वाक्य पुरें करतो, कधीं नुसताच उसासा टाकतो. टटवायलरच्या स्टेशनावर गिटार जें करीत होती तेंच हें. त्या काळीं गाणें भोंग्यांतून मुद्रित होत असे. बारीक आवाज त्यांत हरवून जात. बेसीचा आवाज हरवण्यांतला नव्हता. छापील गीतांत पुष्कळ कडवीं आहेत. तीन मिनिटांच्या तबकडींत त्यांतील थोडींच मावलीं. पण जीं मावलीं त्यांत कांहीं कमी आहे असें ऐकणाऱ्याला वाटत नाहीं.

आणि तो डोलणारा गांधार! हँडीनें कागदावर जेथें कोमल स्वराची खूण केली होती, तेथें बेसी त्या खुणेवर थांबत नाहीं. ती खालून येते, स्वराला स्पर्श करते, आणि पूर्ण वर चढण्यापूर्वींच त्याला सोडून देते. हें कोणत्याहि कागदावर नाहीं. तें हँडीनें लिहिलेलें नाहीं, आणि कायद्याच्या दृष्टीनें तें कोणाच्याच मालकीचें नव्हतें. हँडी व त्याची प्रकाशनसंस्था यांना विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागें हिस्सा मिळे. बेसीच्या करारांत तसें कलम ठेवलेलेंच नव्हतें. तिला गाण्यामागें ठराविक रक्कम मिळाली, व हिशेब तेथेंच मिटला.

१९२९ सालीं याच नांवाचा सुमारें सोळा मिनिटांचा एक बोलपट निघाला. ड्यूड्ली मर्फी त्याचा दिग्दर्शक. हँडीचेंहि त्याला साह्य होतें. टाकून दिलेली बेसी दारूच्या गुत्त्यांत बसून गाते आणि भोवतालचे लोक समूहानें तिला साथ देतात, असा त्यांत प्रसंग आहे. बेसी स्मिथ चित्रपटांत दिसते ती एवढ्या सोळा मिनिटांतच. मंदीच्या काळांत तिचा भाव उतरला. १९३७ च्या सप्टेंबरांत मोटारीच्या अपघातांत ती क्लार्क्सडेल येथें मरण पावली. तिसांहून अधिक वर्षांपूर्वीं हँडी जेथें बँड चालवीत होता तोच हा गांव. तिच्या थडग्यावर दगडहि नव्हता. तो १९७० सालीं बसला, आणि त्याचा खर्च देणाऱ्यांत जॅनिस जॉप्लिन ही त्या काळची तरुण गायिका होती.

७

बाकीचीं रूपांतरें भराभर पाहूं. फॅट्स वॉलरनें १९२६ सालीं हें गीत चर्चच्या भव्य ऑर्गनवर वाजविलें. आर्मस्ट्राँगनें १९२९ च्या डिसेंबरांत तें पुन्हा मुद्रित केलें. या वेळीं टँगोची लय परत आणून, आणि अशा वेगानें, कीं तेंच गाणें तर ऐकत नाहीं ना अशी शंका यावी. १९३२ सालीं ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर बिंग क्रॉस्बीनें तें गाइलें. टेक्सासच्या बॉब विल्सनें त्याला गुराख्यांच्या फिडलची संगत दिली. अर्ल हाइन्सनें १९४० सालीं त्याला पियानोवर बूगी-वूगीच्या ठेक्यांत बसविलें.

सर्वांत चमत्कारिक रूपांतर ग्लेन मिलरचें. दुसऱ्या महायुद्धांत तो अमेरिकन हवाई दलाच्या बँडचा नायक होता, आणि त्यानें या ब्लूजचें संचलनगीत बनविलें. पहिल्या युद्धांत सूसाचीं संचलनगीतें पुरलीं मग आतां हें कशाला, असा आक्षेप एका अधिकाऱ्यानें घेतल्याची कथा आहे. गीत रुळलें, सैनिक त्याच्या ठेक्यावर पावलें टाकूं लागले. पण त्या सैन्यांत गोरे व काळे सैनिक अद्याप निराळ्या पलटणींत होते; तो भेद मोडण्याचा हुकूम १९४८ सालीं निघाला. ज्या स्त्रीच्या दुःखाचें हें गीत, तिच्या जातभाईंना त्या रांगेंत जागा नव्हती. मिलर १९४४ च्या डिसेंबरांत विमानासह इंग्लिश खाडीवर नाहींसा झाला, गीत राहिलें. १९९८ सालीं हर्बी हँकॉक व स्टीव्ही वंडर यांनीं तें पुन्हा नव्यानें मांडलें.

ही यादी वाढवितां येईल. पण तिच्यावरून एक गोष्ट दिसते. इतक्या रूपांतरांत शब्द थोडेफार बदलतात, कडव्यांचा क्रम बदलतो, वेग तर तिप्पट होतो. तरी ओळख पटते. चाइल्डच्या पाठभेदांविषयीं आपण जें शिकतों तें हेंच. फरक इतकाच कीं, येथें कर्त्याचें नांव प्रत्येक तबकडीवर छापलेलें आहे.

८

आणि त्या नांवावरच १९३८ सालीं मोठा कलह झाला. एका नभोवाणी-कार्यक्रमांत हँडीचा गौरव जाझ व ब्लूज यांचा जनक म्हणून करण्यांत आला. तें ऐकून जेली रोल मॉर्टन हा न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक भडकला. ‘डाउनबीट’ मासिकांत त्याचें पत्र प्रसिद्ध झालें; त्यांत त्यानें हँडीला सरळ खोटारडा ठरविलें. हँडीनें दुसऱ्यांच्या चाली आपल्या नांवावर केल्या, ‘जोगो ब्लूज’ची चालहि मूळ एका गिटारवाल्याची, असा त्याचा आरोप होता. मात्र जाझचा जनक आपणच, व तेंहि १९०२ पासून, असा दावा त्यानें त्याच पत्रांत केल्यामुळें त्याच्या म्हणण्याचें वजन कमी झालें. हँडीनें त्याला उत्तर दिलें. आणि १९४१ सालीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, तेंहि ‘ब्लूजचा जनक’ याच नांवानें!

मॉर्टनच्या आरोपांत तथ्य किती? ब्लूजचा जनक हें बिरुद हँडीला शोभत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. ज्याला स्टेशनावर जाग येते आणि ब्लूज कानीं पडतो, तो त्याचा जनक कसा? परंतु चोर हा शब्दहि त्याला लागू पडत नाहीं. चोर माग पुसून टाकतो. हँडीनें आपले माग स्वतःच दाखविले. तो गिटारवाला, ते तिघे, ती स्त्री, तो धर्मोपदेशक हे आज कोणालाहि ठाऊक आहेत ते केवळ त्याच्या लेखणीमुळें. शिवाय ५० डॉलरांस फसलेल्या माणसानें दुसऱ्या खेपेस आपला हक्क घट्ट धरून ठेविला, तर त्याला लोभी म्हणणें न्यायाचें नाहीं. गोऱ्या प्रकाशकांच्या बाजारांत आपल्या कृतीची मालकी हातीं ठेवणारे कृष्णवर्णीय त्या काळीं किती होते?

दोष मला कायद्याच्या दृष्टींत दिसतो. कायदा ओळखतो तें कागदावर उतरलेलें. ज्यानें लिहिलें तो धनी. ज्यानें लिहिण्यापूर्वीं गाइलें तो कायद्याच्या मागें राहिला, आणि जिनें लिहिल्यानंतर गाइलें ती कायद्याच्या पुढें निघून गेली. दोघांच्याहि हातीं कांहीं आलें नाहीं. ब्लूजचा जीव तर त्या डोलणाऱ्या स्वरांत आहे, आणि नेमका तोच कागदाच्या जाळींतून निसटतो. म्हणजे कायद्यानें जपलें तें शरीर; प्राण फुकट गेला.

९

१९४३ सालीं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडून हँडी पूर्ण अंध झाला. १९५४ सालीं आर्मस्ट्राँगनें हँडीच्या गीतांचा एक संपूर्ण संच मुद्रित केला. त्यांत ‘सेंट लुइस ब्लूज’ जवळजवळ नऊ मिनिटें चालतें. १९५६ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियममध्यें लिओनार्ड बर्नस्टाइनच्या मोठ्या वाद्यवृंदासह आर्मस्ट्राँगनें तेंच गीत वाजविलें. श्रोत्यांत ब्याऐंशी वर्षांचा हँडी बसला होता. चित्रफितींत तो रुमालानें डोळे पुसतांना दिसतो. १९५८ च्या मार्चमध्यें तो वारला. १९८९ अखेर अमेरिकन कायद्याप्रमाणें गीताचा मालकी हक्कहि संपला, आणि तें पुन्हा सर्वांचें झालें.

पुन्हा म्हणण्याचें कारण आहे. तें सर्वांकडून आलें होतें, मध्यें पाऊणशें वर्षें एकाचें होतें, आणि परत सर्वांकडे गेलें. ग्रिमचा पक्ष व त्याचे विरोधक, दोघेहि अर्धे खरे ठरतात : घाट समुदायाचा, पण त्या घाटांतून हें विशिष्ट भांडें एकाच हातानें काढलें. हॉगच्या आईचें म्हणणेंहि अर्धें खरें. छापल्यानें कांहीतरी मरतें हें तिला बरोबर कळलें होतें. पण छापलें नसतें तर आज तिचें नांवहि कोणीं घेतलें नसतें, हें तिला कळणें शक्य नव्हतें.

पुढल्या वर्षीं वर्गांत तो प्रश्न निघेल, तेव्हां मी स्कॉट बाजूस ठेवून बेसीची ती तबकडी लावणार आहें. गीत कोणाचें, असें कोणीं विचारलें तर तिघांकडे बोट दाखवीन. एकानें तें लिहिलें, त्याचें नांव हँडी. एकीनें तें गाइलें, तिचें नांव बेसी स्मिथ. आणि एक नऊ तासांच्या खोळंब्यांत स्टेशनावर सुरीनें तारा दाबीत बसला होता. त्याच्या नांवाची जागा मी फळ्यावर कोरी ठेवीन. ती भरल्यासारखी दाखविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.